शुक्रवारची तालीम

आमच्या बाई नव्या पालकांना पहिला प्रश्न विचारायच्या तो असा: "तुम्ही मेल्यावर याचं काय?"

त्याआधी नमस्कार नाही, बसा नाही, पाणी नाही. पालक बिचारे अंबरनाथ पूर्वेला पत्ता विचारत, जिना चढून, घामेजून आलेले असत. आईच्या पदराला मूल, बापाच्या काखेत डॉक्टरांच्या फायली. समोर उंच, हाडकुळ्या बाई, नाकावर घसरलेला चष्मा, टेबलावर भाजक्या शेंगदाण्यांची वाटी आणि हा प्रश्न. काही आया तिथेच रडायला लागायच्या. मग बाई वाटी पुढे सरकवायच्या. "रडून घ्या. चार दाणे खा. मग उत्तर द्या."

मी त्या शाळेत पेटी वाजवायचो आणि स्नेहसंमेलन बसवायचो. शाळा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची, अठराव्या वर्षापर्यंतची. अठरावं सरलं की निरोप समारंभ. गुलाबाचं फूल, स्टीलचा डबा, अध्यक्षांचं भाषण, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल घरी. घरी म्हणजे खिडकीत. उल्हासनगरापासून बदलापुरापर्यंत अशा कितीतरी खिडक्या मला माहीत आहेत. मुलाची दाढी पिकत जाते, आई वाकत जाते आणि खिडकी तशीच राहते.

ही खिडकी चुकवणं हे बाईंचं काम होतं. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक होतं, ते संस्थेच्या फलकावरसुद्धा दोन ओळींत मावत नसे. मुलांनी त्याचं सोपं करून टाकलं होतं. ती त्यांना 'पुढच्या बाई' म्हणायची, कारण येता-जाता त्या एकच विचारायच्या, "बरं, पुढे काय?"

गोड बोलणाऱ्या माणसांशी बाईंचं उभं वैर. एकदा संमेलनाला आलेले पाहुणे गहिवरून म्हणाले, "ही तर देवाची लेकरं आहेत." बाई विंगेत माझ्या पेटीजवळ उभ्या होत्या. तिथूनच, माइक नसताना शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हो का? मग अठरानंतर तो घेऊन जातो का, विचारून सांगा." पाहुण्यांचं पुढचं भाषण फार आटोपशीर झालं. मी आनंदाने एक जादा सूर लावला.

दुसरं वैर पणत्यांशी. दिवाळी आली की प्रत्येक विशेष शाळा पणत्या रंगवायला बसते. आमच्याही वर्गात मातीचा ढीग पडायचा. बाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, जगाला लागतात तरी किती पणत्या? एवढा उजेड हवाय कुणाला?" कलाशिक्षिका चिडायची, "मग तुम्हीच सांगा मुलांनी काय करायचं."

"जे इतरांना करायचा कंटाळा येतो ते."

हे नुसतं बोलणं नव्हतं, ती त्यांची पद्धत होती. आठवड्यातून एक दुपार त्या छत्री घेऊन उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात जायच्या. जाताना मला सांगायच्या, "कंटाळा शोधून येते." मला हे नाटक चुकवायचं नसे, म्हणून मी पिशवी धरायला सोबत जायचो.

त्या कुठल्याही दुकानात, कारखान्यात शिरायच्या. एका जीन्सच्या कारखान्यातला प्रवेश मला अजून पाठ आहे. गल्लीत शिवणयंत्रांचा खडखडाट, निळ्या कापडांचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये गादीवर बसलेले सिंधी सेठ. बाईंचं हिंदी त्यांच्यासारखंच, सरळ आणि वळायला तयार नसलेलं.

"सेठ, तुम्हारे यहाँ सबसे कंटाळवाणा काम कौनसा है?"

सेठनी वर पाहिलं. "कंटाळवाणा मतलब बोरिंग ना? दीदी, मेरे को देखो. बाप के टाइम से इसी गादी पे बैठा हूँ."

"आपका छोडो. नोकर लोग कौनसे काम से पळ जाते हैं?"

"धागा कटिंग," सेठ तत्काळ म्हणाले. "सिलाई के बाद जो धागे लटकते हैं ना, वो काटने का. कोई टिकता नहीं साईं. बोलते हैं, दिमाग खराब होता है."

बाईंच्या चेहऱ्यावर, हरवलेला दागिना सापडावा तसं काहीतरी आलं. "मेरे पास एक मुलगी है," त्या म्हणाल्या. "वो पळेगी नहीं."

ती मुलगी म्हणजे वैजू. अठरावं सरताच ती तिथे स्टुलावर बसून कटरने धागे कापायला लागली.

वैजू गोल चेहऱ्याची, ठेंगणी, केस घट्ट दोन वेण्यांत. शाळेच्या दप्तरी तिचं आकलन सात वर्षांच्या मुलाएवढं लिहिलेलं होतं. बाई म्हणायच्या की असल्या आकड्यांनी कपाटाचं दारसुद्धा उघडत नाही. वैजूला वस्तू सरळ रेषेत लागायच्या आणि एकदा पक्कं झालेलं काम ती कधीच वेगळ्या तऱ्हेने करायची नाही. माझ्या नाटकात ती झाड होती. दुसरी झाडं खाजवायची, हसायची, आईला हात करायची. वैजू पडदा पडल्यावरही झाडच राहिली. शेवटी बाईंना येऊन "झालं, आता वैजू हो" असं सांगावं लागलं.

घरी फक्त बाप. आई वैजूच्या लहानपणीच गेलेली. बाप अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता, आणि कॅम्प चारमधल्या चाळीत दीड खोली होती. माणूस मवाळ, खोकणारा. बाईंच्या पहिल्या प्रश्नावर तो रडला नव्हता. दाणेही खाल्ले नव्हते. म्हणाला होता, "मॅडम, मी मेल्यावर हिने याच खोलीत राहावं. स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा. कुणाच्या दारात हिला हात पसरायला नको. एवढं जमवून द्या."

बाईंनी वाटी त्याच्याकडे न सरकवता स्वतःच दोन दाणे तोंडात टाकले. इतकं स्पष्ट उत्तर त्यांना त्याआधी कुणी दिलं नसावं.

आता तालमींचं सांगतो. ही कल्पना संपूर्ण बाईंची, फक्त 'तालीम' हा शब्द माझा. बाईंचं म्हणणं असं की आईबाप जिवंत आहेत तोवर मूल काय करू शकतं ते कळतच नाही. आईच्या हाताला मुलाआधी बटण सापडतं. म्हणून महिन्यातून एक दिवस आईबापांनी घरातच मरायचं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत पलंगावर पडून राहायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मुलाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मुलाला आधी सांगायचं, "आज आई नाही असं समज." संध्याकाळी उठायचं आणि मुलाने बाईंना फोन करून दिवस कसा गेला ते सांगायचं.

मृत्यूच्या अभिनयासाठी बाईंनी मला तज्ज्ञ नेमलं होतं. मी पालकांची सभा घेऊन त्यांना मरायला शिकवायचो. श्वास पोटात घ्या, पापण्या फडफडू देऊ नका, चेहरा सोडून द्या. इतका हौशी आणि इतका वाईट नटसंच मला पुन्हा मिळणार नाही. शहाडच्या एक आई मेल्या मेल्या म्हणाल्या, "गॅस बारीक कर रे." बाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी सुनावलं, "मेलेल्या बाईने गॅसची काळजी करायची नसते." बदलापूरचे एक वडील मरणात शेअर बाजार बघत होते, मुलानेच चुगली केली. एका घरात आजी खरोखर घाबरून शेजारणीला घेऊन आली आणि मग शेजारीण, आजी आणि मेलेल्या आई यांचं जे भांडण झालं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

आम्ही पोट धरून हसायचो. बाई हसायच्या नाहीत. एकदाच, शिरगावात त्यांच्या घराजवळ चहा पिताना म्हणाल्या, "मी पण एकदा करून बघितलं. शनिवारी दिवसभर मरून पडले होते घरात. एकटीच आहे, म्हटलं बघू काय होतं."

"काय झालं?"

"सिलेंडरवाला आला होता. बेल वाजवून गेला."

वैजूचा बाप नटांमधला सर्वांत वाईट. त्याची सुट्टी शुक्रवारी, एमआयडीसी बंद असते तेव्हा, म्हणून त्यांची तालीम शुक्रवारची. पहिल्या शुक्रवारी वैजू दुधाकडे बघत उभी होती तर हा मेलेला माणूस टुणकन उठून म्हणाला, "उतू जातंय." दुसऱ्यांदा ती कामावर जाताना तो दारापर्यंत आला. बाई संतापल्या. "तुम्हाला मरता येत नाही म्हणून तिला जगता येत नाही," त्या म्हणाल्या. बाप ओशाळला. वैजूलाही त्यांनी बजावलं, "बाबा काहीही झालं तरी उठवायचे नाहीत. बाबांशी बोलायचं नाही. सगळं आपलं आपण. दिवे लागले की मला फोन."

"दिवे लागले की फोन," वैजू म्हणाली. तिच्याबाबतीत वाक्य परत म्हटलं म्हणजे ते पक्कं झालं.

ही सगळी घाई एका माणसामुळे होती. बापाचा थोरला भाऊ, वैजूचा काका. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावर त्याचं गाव, थोडी भातशेती, दोन म्हशी. बापामागे वैजूची जबाबदारी त्याच्यावर येणार होती आणि तो ती टाळणारा नव्हता. अडचण तीच होती. त्याला वैजूला घरी न्यायचं होतं. शाळेत येऊन त्याने टोपी मांडीवर ठेवून सांगितलं, "मॅडम, तरनी पोर हाये. एकली कशी ठेवू? लोकं माज्या तोंडात शेन घालतील."

"आणि तिने दाखवलं तर? अख्खा दिवस, कुणाच्या मदतीशिवाय?"

काकाने भावाकडे पाहिलं. "अख्खा दिस काढला तिनं एकलीनं, तर मंग मी कशाला नेऊ? मी येऊन-जाऊन बगंन. पन अख्खा दिस. हा मधीच उठतो तसा नाय."

असा तो करार. वैजूला पार पाडायचा होता एक पूर्ण शुक्रवार, आणि त्यावर तिची खोली, तिचं स्टूल, तिचं कटर, सगळं ठरणार होतं.

संमेलन जवळ आलं होतं. त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही हॉलमध्ये पडदे टांगत होतो. दिवे लागले आणि बाईंचा फोन वाजला. बाई फोन कायम स्पीकरवर घ्यायच्या, त्यांना खाजगी बोलणं ही चीजच मान्य नव्हती. फोनवर वैजूचं नाव बघून त्यांनी मला बोटानेच हातोडी थांबवायला सांगितली.

"बाई, मी वैजू. दिवस झाला."

"शाब्बास. काय काय केलंस?"

वैजूने क्रमाने सांगितलं. चहा केला, गॅस बंद केला. पोळी-भाजी डब्यात घेतली. कुलूप लावलं. रिक्षा. धागे कापले. सेठने बिस्किट दिलं. रिक्षा. कुलूप उघडलं. भात लावला.

"आणि बाबा? उठले का मध्ये?"

"नाही. आज बाबा छान मेले," वैजू म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "एकदापण हलले नाहीत."

बाई हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं. हसता हसता त्या म्हणाल्या, "अरे वा. जेवले की नाहीत मग?"

"नाही. त्यांच्यासाठी ठेवलेला डबा तसाच आहे."

"पाणी?"

"नाही. बाबा गार पडलेत. मी गोधडी घातली. मग अजून एक घातली. कानटोपी पण."

मी शिडीवर होतो. बाईंचा चेहरा मला वरून दिसत होता. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "वैजू, दार उघड. शेजारच्या काकूंना हाक मार. फोन चालू ठेव."

पावलं ऐकू आली, कडी ऐकू आली. मग शेजारणीचा आवाज, मग तिची किंकाळी, आणि त्या किंकाळीच्या वर वैजूचा समजावणीचा सूर, "काकू, हळू. तालीम चालू आहे."

आम्ही पोचलो तेव्हा चाळीत गर्दी होती. डॉक्टर येऊन गेले होते. पहाटेच केव्हातरी, झोपेतच, म्हणाले. आदल्या पाळीवरून आल्यावर त्याने शेजाऱ्याला छातीत जळजळतंय म्हणून सांगितलं होतं आणि इनो घेऊन झोपला होता. दोन गोधड्या, कानटोपी, पायात वैजूचे लोकरी मोजे. गोधडीच्या कडा सरळ रेषेत दुमडलेल्या. ओट्यावर धुतलेला एक कप उपडा.

वैजू कोपऱ्यात उभी होती. एवढी माणसं का आली ते तिला कळत नव्हतं. बाईंना बघताच तिचा चेहरा उजळला.

"बाई, बरोबर झालं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "सगळं बरोबर झालं."

"मग बाबांना उठायला सांगा. दिवे लागले."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "बाबा आता उठणार नाहीत, वैजू."

वैजूने ट्यूबलाइटकडे पाहिलं, मग बाईंकडे. "दिवे लागले," ती पुन्हा म्हणाली.

पुढचं मी लवकर सांगतो. काका आला, त्याने सगळं रीतसर केलं. दहावं-तेरावं उरकल्यावर बाई मला घेऊन कॅम्प चारच्या त्या खोलीत त्याला भेटायला गेल्या. खोलीत बोचकी बांधलेली होती. बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिला होता. पूर्ण दिवस. तिने काढला."

काका म्हणाला, "मॅडम, बापाच्या मढ्याशेजारी चाय प्यायली ती पोर."

"प्यायली. गॅस बंद केला, कप धुतला, कुलूप लावलं, वेळेवर कामाला गेली. तुम्ही तिच्या जागी काय वेगळं केलं असतं?"

"रडलो असतो, मॅडम."

बाईंनी चष्मा वर सारला.

"तुमी तिला मरान शिकवलं," काका म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पन मानूस गेलं ते वळखायचं कसं, ते नाय शिकवलं. आता ऱ्हाऊ द्या. माज्या भावाची पोर हाये, मी तिला उपाशी नाय ठेवनार."

चाळ काकाच्या बाजूने होती. शाळाही. संस्थेच्या लोकांनी तालमी बंद करायला सांगितल्या, बाईंनी वाद घातला नाही. फक्त एकदा, रिकाम्या वर्गात, त्या मला म्हणाल्या, "तुम्ही नाटकवाले. खोटा मेलेला आणि खरा मेलेला, बघणाऱ्याला फरक काय दिसतो? असा एकच फरक सांगा, जो मी फळ्यावर काढून शिकवू शकेन." मी पुष्कळ विचार केला. गार लागणं म्हणावं, तर ते तिला लागलंच होतं. तिने त्यावर गोधडी घातली होती.

कॅम्प दोनला सेठनी वैजूचं स्टूल बरेच दिवस रिकामं ठेवलं. "दीदी, उसके जैसा धागा कोई नहीं काटता," ते म्हणायचे. मग तिथे दुसरं कुणीतरी बसलं, पळालं, तिसरं बसलं.

बाई दर महिन्याला गावी जायच्या. पिशवी धरायला मी. तिथे वैजूचे हाल नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. काकू तिचे केस विंचरायच्या, ताटात तूप वाढायच्या, माश्या वारायच्या. "बगा, रानीसारकी ठेवलीय, काडी उचलू देत नाय," असं अभिमानाने सांगायच्या. वैजू पडवीत खाटेवर बसलेली असे. समोर अंगण, म्हशी, रस्ता. ती जाड झाली होती. एकदा बाई म्हणाल्या, "वैजू, मला चहा कर." वैजू उठली, चुलीपाशी गेली, लायटर शोधत राहिली, तिथे लायटर नव्हताच. काकूंनी तिला हाताला धरून आणून बसवलं. "अगो बस तू. भाजशील." पुढच्या खेपेला बाईंनी चहा मागितला तेव्हा ती उठली नाही. काकूंकडे बघत राहिली.

शेवटच्या खेपेला आम्ही बदलापूरहून परतीची रिक्षाच ठरवून नेली होती. ती अंगणाबाहेर उभी. निरोप घेतला, काकूंनी भाजीची पिशवी दिली. मागे वळतो तर वैजू रिक्षात बसलेली. एका कोपऱ्याला सरकून, गुडघे जुळवून, बाजूला जागा करून. चालकाला म्हणाली, "कॅम्प दोन. चौकात सोडा." स्वच्छ, एका दमात, रोज कामावर जाताना म्हणायची तसं.

चालकाने आमच्याकडे पाहिलं. काका पडवीतून खाली आला, पण रिक्षापर्यंत गेला नाही. बाई त्याच्याकडे वळल्या. "एक दिवस," त्या म्हणाल्या. "मी सोबत राहते. संध्याकाळी परत आणून सोडते."

काकाने मान हलवली. "आज नेलं का उद्या पुना हट्ट करंल. मंग हितं बसंल का ती?" त्याचे डोळे भरले होते. "नको, मॅडम. तिला उतरवा. माजं नाय ऐकनार ती."

"बाई, बसा ना," वैजू आतून म्हणाली. "उशीर होतोय. सेठ बोलतील."

बाई रिक्षाजवळ गेल्या, दांडीला धरून वाकल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत त्यांचं ऐकू न आलेलं बोलणं तेवढंच. वैजूने मान डोलावली, त्यांचं वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा परत म्हटलं आणि उतरली. बाईंनी सांगितलेलं ती नेहमीच करायची.